परात कोणी वाजवली

“अरे क्या बताऊँ भिया! जीजाजींनी फाटकच उघडं टाकलेलं. सगळी गुरं एकदम चौखूर सुटली. पुरणपोळ्या साफ! आणि आमचे जीजाजी कुठे? तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीला मिठी मारून. वरून नुसती बोंबाबोंब. शेवटी मीच गाडीत बसून हॉर्न मार-मारके सगळ्यांना पळवलं, नाहीतर त्या दिवशी काही खरं नव्हतं.”

हे कथन माझ्या मेहुण्याचे आहे. तो बँकेतून निवृत्त झाला असून इंदुरात बड़ा गणपतीजवळ राहतो. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा. त्याने मला धरले. हे कथन त्याने दोन लग्नांत, एका बारशात आणि एका दहाव्याच्या दिवशी साभिनय सादर केले आहे. दहाव्याला टाकी नसल्याने त्याने मांडवाच्या खांबाला मिठी मारून दाखवली आणि गेलेल्या गृहस्थांचा थोरला मुलगा हसू आवरण्यासाठी उठून बाहेर गेला. प्रत्येक प्रयोगात माझी अवस्था खालावत जाते. अगदी अलीकडच्या प्रयोगात मी टाकीचे झाकण उघडून एक पाय आत सोडलेला आहे.

या कथनात तीन गोष्टी खऱ्या आहेत. गुरे आली, पुरणपोळ्या गेल्या आणि मी गच्चीवर होतो. बाकी सर्व रचना मेहुण्याची. एरवी मी तिच्याकडे दुर्लक्ष केले असते, कारण चाळीस वर्षे मी त्याच्या पुष्कळ रचनांकडे दुर्लक्ष करीत आलो आहे. पण या रचनेच्या आधारावर माझी गुरे आणि माझी जमीन विकायला काढण्यात आली होती. तेव्हा आता मला बोलणे भाग आहे.

प्रथम जमिनीविषयी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी काही महिने आमच्या अन्नपूर्णा भागातील घरात बसून दूरचित्रवाणी पाहिली. तिच्यावर एकदा ऑस्ट्रेलियातील गुरांच्या तळांविषयीचा कार्यक्रम लागला. क्षितिजापर्यंत मालकी एकाच माणसाची, शेजारी एका दिवसाच्या अंतरावर, आणि हजारो गुरे हेलिकॉप्टरने हाकून आणायची. शेजारी एका दिवसाच्या अंतरावर, हे वाक्य माझ्या मनात खोल गेले. आमचे शेजारी भिंतीपलीकडे असून त्यांच्या मिक्सरवर आमच्या घरातले संभाषण थांबते.

मी सौ.ला म्हणालो, “आपण असे काहीतरी करायला हवे.”

ती म्हणाली, “आधी चॅनल बदला.”

मी चॅनल बदलला नाही, जमीन घेतली. महूच्या पलीकडे घाट उतरून निमाडात शिरले की डांबरी रस्ता संपतो, मग खडीचा रस्ता संपतो, आणि शेवटी एक नाला लागतो जिथे मोटारगाडीचाही उत्साह संपतो. नाल्यापलीकडे बैलगाडीच्या वाटेने चढण चढून गेले की माझे राज्य. पळसाचे रान, गवताचा डोंगरउतार, एक विहीर, दोन खोल्यांचे पक्के घर, चाऱ्याची पडवी आणि तांबड्या रंगाची निमाडी गुरे. सर्वांत जवळची वस्ती टेकडीमागे आहे. मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर, तीही टाकीच्या पश्चिमेच्या अंगाला, उभे राहून मान किंचित डावीकडे कलती ठेवल्यास मिळते. ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. कारण ज्याला मेहुणा ‘मिठी’ म्हणतो, ते माझे दूरध्वनी कार्यालय आहे.

घरातली मंडळी त्या जागेला पहिल्यापासून ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणतात. हे टोपणनाव खिजवण्यासाठी होते. मी ते बहुमान म्हणून स्वीकारले. मात्र त्याचे परिणाम झाले. मुलगा कॉलनीत ज्याला त्याला “बाबा ऑस्ट्रेलियात आहेत” असे सांगत असल्याने समोरचे गृहस्थ मला भेटले की विचारतात, “क्यों साब, उधर आजकल ठंड है या गरमी?” मी सांगतो, गरमी. ते मान हलवून म्हणतात, “हाँ, उनका उल्टा चलता है।” एकदा त्यांनी आपल्या भाच्याच्या व्हिसाविषयी माझा सल्ला घेतला. मी दिला.

आता व्यवस्थेविषयी, कारण तिच्याविषयी मेहुण्याला काहीही ठाऊक नाही. गुरे सकाळी रानात जातात आणि दिवसभर मोकळी चरतात. म्हणून दिवसा फाटक उघडेच असते. ‘फाटक उघडं टाकलेलं’ या आरोपाला मी एवढेच उत्तर देतो की बँकसुद्धा दिवसा दार उघडे ठेवते. संध्याकाळी गुरे आणायची, तर माझ्याकडे हेलिकॉप्टर नाही. माझ्याकडे परात होती.

ही पितळी परात माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेली. त्या काळच्या रीतीप्रमाणे काठावर नाव घालून, आणि त्या काळच्या पितळाप्रमाणे उचलताना दोन हात लागतील अशी. इंदूरच्या घरात तिला कोणी विचारीत नव्हते, सौ.ने ती माळ्यावरून खाली काढून मला दिली, “न्या, तुमच्या गुरांना पेंड कालवायला.” पहिल्याच संध्याकाळी पेंड कालवून झाल्यावर मी उलथण्याने परातीचा काठ ठोकून ते झटकले. डोंगरावर चरणाऱ्या एका गाईने मान वर केली. दुसऱ्या संध्याकाळी दोन गाई खाली आल्या. महिना संपेपर्यंत अशी शिस्त बसली की मी अंगणात उभा राहून उलथण्याने परात ठोकायला लागलो की सगळा कळप ओळीने उतरून फाटकातून आत यायचा, सर्वांत शेवटी वळू. पेंड आणि मीठ मिळाले की सगळे आपापल्या जागी. गुराखी नवराबायको तिथेच राहतात; पहिल्यांदा हे पाहून गुराखी म्हणाला, “साब, ये तो स्कूल हो गया।”

वळूविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण मेहुण्याने त्याला राक्षस करून ठेवले आहे. तो आकाराने मोठा आहे हे खरे. पण स्वभावाने चिंतनशील. त्याला आयुष्यात दोनच गोष्टींचे आकर्षण आहे: गूळ, आणि मोटारीच्या बाजूच्या आरशात दिसणारा दुसरा वळू. त्या दुसऱ्यावर तो रागावत नाही. त्याच्याकडे तो तासन्‌तास सहानुभूतीने पाहतो.

आता पोळा. निमाडात आणि माळव्यात गुरांचा सण दिवाळीच्या पाडव्याला होतो. आमच्या घरी पोळा होतो, श्रावणी अमावस्येला. इंदुरात आम्ही तो इतकी वर्षे मातीच्या बैलांवर भागवत आलो. माझे पणजोबा संस्थानाच्या पागेत होते. त्यांच्या पणतूने घरची खरी जनावरे असताना मातीच्या बैलांना पुरणपोळी दाखवावी, हे मला मान्य नव्हते. मी जाहीर केले की यंदा पोळा ऑस्ट्रेलियात.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” माझ्याकडे बैल दोनच. बाकी गाई, कालवडी, वासरे आणि वळू. बैलांना आवतण देऊन मी वळलो, तर सगळा कळप माझ्याकडे पाहत उभा. एका घरातल्या दोघांना बोलवावे आणि बाकीच्यांच्या देखत घरी जावे, ही आमच्याकडची पद्धत नव्हे. मी हळदीची वाटी उचलली आणि प्रत्येकाला आवतण दिले. वासरांनाही. वळूला दिले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

गुराखी म्हणाला, “साब, ये तो दिवाली पे होता है।”

“हमारे यहाँ आज होता है।”

“और ये सब लोग आ गए तो?”

“आने दो. पुरण भरपूर आहे.”

हे वाक्य पुढे माझ्याविरुद्ध वापरण्यात आले. पण ते मी यजमान म्हणून बोललो होतो आणि आजही मागे घेत नाही.

सौ. आदल्या दिवशीच माझ्याबरोबर आली होती. गुराख्याच्या बायकोला हाताशी घेऊन तिने पहाटेपासून पोळ्या लाटल्या. दुपारपर्यंत ओसरीवर, खिडकीजवळच्या चौरंगावर पोळ्यांची चळत, शेजारी तुपाचे भांडे आणि पातेलेभर कटाची आमटी अशी मांडणी झाली. इंदूरहून दोन गाड्या यायच्या होत्या. एका गाडीत माझा मुलगा आणि सून, दुसरीत मेहुणा आणि त्याची बायको.

मेहुणा सर्वांच्या आधी पोहोचला. नाल्याकाठी गाडी लावून, बायकोला “तू फोटो काढ, मी पुढे होतो” असे सांगून तो गाडीवाटेने सरळ वर आला. त्याने सकाळी निघताना पोहे खाल्ले होते, महूला थांबून कचोरी खाल्ली होती, आणि तरी त्याचा चेहरा उपासाचा होता.

“जीजाजी, जेवण?”

“बाकीची मंडळी येऊ दे.”

“कधी येणार?”

“फोन करून विचारतो.”

असे म्हणून मी शिडीने गच्चीवर गेलो. मी गच्चीवर का गेलो, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर एवढेच आहे. त्या वेळी कळप समोरच्या डोंगरावर निवांत चरत होता आणि वळू एका पळसाखाली बसून रवंथ करीत होता. सौ., गुराखी आणि त्याची बायको नैवेद्याचे ताट घेऊन घरामागे पडवीशी बांधलेल्या सजवलेल्या बैलांकडे गेली होती. ओसरीवर मेहुणा एकटा होता. तो, पोळ्यांची चळत, आणि भिंतीला उलथण्यासह टेकवून ठेवलेली परात.

मी टाकीच्या पश्चिमेच्या अंगाला मान डावीकडे कलती ठेवून उभा राहिलो. मुलाने फोन उचलला.

“कुठे आहात?”

“नाल्याजवळ, बाबा. मामींचे फोटो चाललेत. पायवाटेने येतोय आम्ही.”

नेमक्या त्याच क्षणी खाली परात वाजली.

मी समजू शकतो की भुकेला माणूस पंगत जमवण्यासाठी काहीतरी वाजवतो. त्याच्या बापाच्या घरी जेवायची वेळ झाली की ताट वाजवत असत, हेही मला ठाऊक आहे. मी त्या घरचा जावई आहे. पण त्याने ज्या जोराने वाजवली, तो जोर पोळ्यांविषयीच्या अत्यंत उत्कट भावनेतूनच येऊ शकतो. डोंगरावर एकदम सगळ्या माना वर झाल्या. वळू उठून उभा राहिला. आदल्या संध्याकाळी आवतण, आज वाजंत्री. त्यांच्या बाजूने पाहता शंकेला जागाच नव्हती.

कळप निघाला. मेहुणा म्हणतो ‘चौखूर’. चौखूर नव्हे. नेहमीच्या शिस्तीने, ओळीने, मात्र सणाचा दिवस असल्यामुळे थोडा भरभर.

मी वरून ओरडलो, “परात ठेव खाली!”

त्याने समोर पाहिले. तांबडी रांग फाटकातून आत येत होती. आणि आता त्याने तेच केले जे शहरातला माणूस जनावर हाकलण्यासाठी करतो: अधिक जोराने परात वाजवली.

“अरे, परात ठेव! थांबव ते!”

“हट्! हट्! जीजाजी, ये तो और आ रहे हैं!”

“तू बोलावतो आहेस म्हणून येताहेत!”

“मी कुठे बोलावतोय? मी तो भगा रहा हूँ!”

जितका तो हाकलत होता, तितकी ती आनंदाने येत होती. मागे राहिलेली वासरे उड्या मारीत आली. मेहुण्याने ओसरीवरून उडी टाकली आणि परात छातीशी धरून, दर दोन पावलांना एक टोला मारीत, गाडीवाटेने नाल्याकडे पळत सुटला. आणि माझा कळप, ज्याला मी स्वतः त्या आवाजामागे जायला शिकवले होते, शांतपणे वळून त्याच्या मागे निघाला. ज्येष्ठ सभासदाच्या मागून मिरवणूक निघावी तसे ते दृश्य होते. ‘वरून नुसती बोंबाबोंब’ असे तो म्हणतो. होय, मी ओरडत होतो. पण काय ओरडत होतो ते तो कधीच सांगत नाही. मी ओरडत होतो, “परात टाकून दे!”

मुलगा, सून आणि मेहुण्याची बायको त्या वेळी पायवाटेने चढत होती. श्रावणातले गवत त्या वाटेवर माणसाच्या डोक्यावरून जाते. त्यांना घंटानाद ऐकू आला आणि दिसले काहीच नाही. माझ्या सुनेला वाटले, जवळपास देऊळ असावे. तिने नमस्कार केला.

मेहुणा गाडीत शिरला, काचा वर झाल्या, परात वाजायची थांबली. कळप क्षणभर गोंधळला. मग वारा फिरला आणि ओसरीवरून तुपाचा वास आला. पुढचे सांगायला नको. पण मेहुण्याने सांगितले असल्याने मलाही सांगावे लागते. गुरे परत वर आली आणि जेवली. आवतण दिलेले असल्याने मी यजमान या नात्याने हस्तक्षेप केला नाही, आणि शिडीच्या पायरीला एक गाय अंग घाशीत उभी असल्यामुळे करणे शक्यही नव्हते. गुराखी दावी ओढणाऱ्या बैलांना आवरत होता आणि सौ. पडवीच्या फटीतून पाहत होती. तिने मारलेली हाक मला ऐकू आली: “अहो, निदान आमटी तरी वाचवा!” पण तोवर एक कालवड पातेल्यात तोंड घालून मसाल्याने शिंकत होती.

वळू मात्र जेवायला नव्हता. तो खाली गाडीपाशी राहिला होता. मेहुणा जिवाच्या आकांताने हॉर्न वाजवीत होता आणि वळू बाजूच्या आरशात पाहत होता. गच्चीवरून मला दोघेही स्वच्छ दिसत होते, त्यांच्यात एका काचेचे अंतर. ‘हॉर्न मार-मारके पळवलं’ या विधानाविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की हॉर्न संपेपर्यंत वळू जागचा हलला नव्हता.

मंडळींनी घाट चढून हमरस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. वाटेतच मेहुण्याने आपल्या कथनाची पहिली आवृत्ती तयार केली. मी तिथे नव्हतो. ओसरी धूत होतो. त्या ढाब्यावर फाटक उघडे पडले, त्या ढाब्यावर टाकीला मिठी बसली. परातीचा त्यात उल्लेखच नव्हता. मी इंदूरला आल्यावर परातीचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, “मैंने हाथ भी नहीं लगाया! तुम्हीच वरून काहीतरी वाजवत असाल.”

“गच्चीवर मी परात घेऊन गेलो होतो?”

“तुमचा काय भरोसा, जीजाजी!”

मी सौ.ची साक्ष काढली. ती म्हणाली, “परात वाजली हे खरं. कोणी वाजवली ते मी पाहिलं नाही. तो माझा भाऊ आहे, तुम्ही माझे नवरे आहात, आणि पहाटेपासून पोळ्या मी लाटल्या होत्या. मला तुमच्यापैकी कोणाशीच बोलायचं नाही.”

खरी अडचण पुढे झाली. परात सापडेना. मी ओसरी, पडवी, गोठा, गाडीवाट, नाल्याचा काठ सगळे पाहिले. आणि परातीविना कळप येईना. मी स्टीलची परात आणली. तिचा आवाज ऐकून गुरांनी मान वर केली आणि पुन्हा गवतात घातली, एखाद्या अनोळखी नंबरचा फोन यावा तशी. मग घंटा आणली. मग पत्र्याचा डबा. शेवटी मी इंदूरच्या बर्तन बाजारात गेलो आणि पितळेच्या पराती एकेक उचलून, डोळे मिटून, कान जवळ नेऊन ठोकून पाहू लागलो. दुकानदाराने बराच वेळ सहन केले.

“बाबूजी, लेनी है कि बजानी है?”

“दोन्ही.”

“तो शादी वाले के यहाँ जाओ, यहाँ तो आटा गूँधने की मिलती है।”

मी घेतलेल्या परातीकडे वळूने एकदा पाहिले आणि तो निघून गेला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. गुराखी रोज संध्याकाळी डोंगर पालथा घालून गुरे गोळा करी आणि तरी दोनचार बाहेर राहत. टेकडीमागच्या वस्तीतल्या एकाच्या मक्यात आमच्या गाई शिरल्या. तो माणूस सभ्य होता. तो फक्त अंगणात येऊन बसला आणि काही बोलला नाही, जे फार वाईट असते. हे सगळे मुलाच्या कानावर गेले. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर मेहुण्याने गाईचे चित्र टाकून खाली ‘बेकाबू’ असे लिहिले.

एका रविवारी पोहे खाताना मुलगा म्हणाला, “बाबा, रागावू नका. गुरं आता तुमचं ऐकत नाहीत.”

“ती परातीचं ऐकतात. परात हरवली आहे.”

“एका परातीवर सगळं चालतं म्हणजे तेच तर मी म्हणतोय. तुमचं वय झालं. तिथे फोन लागत नाही. पोळ्याला जे झालं ते आम्ही सगळे असताना झालं. एकटे असता तर?”

“पोळ्याला जे झालं ते तुझ्या मामाने केलं.”

“मामा म्हणतात तुम्ही फाटक उघडं टाकलं होतं.”

त्याने एका माणसाशी बोलणे केले होते. त्या माणसाला तिथे रिसॉर्ट करायचे होते. तरणतलाव, तंबू, आणि झाडाला बांधलेल्या तारेवरून लोंबकळत नाला ओलांडण्याची सोय. नाला दगडांवरून चार ढांगांत ओलांडता येतो. गुरे गुराख्याने ठेवावीत किंवा विकावीत. मुलाने त्याला दिवाळीनंतर नक्की सांगतो म्हणून शब्द दिला होता. तो हे सगळे माझ्या काळजीपोटी करीत होता, हे मला कळत होते आणि त्यामुळे त्याच्यावर नीट रागावताही येत नव्हते. मी म्हणालो, “परात त्याने वाजवली हे सिद्ध झालं तर?”

तो हसला. “मग नाही विकणार. बस? पण सिद्ध कसं करणार, बाबा?”

त्या दिवाळीत पाडव्याला गुराख्याने त्याच्या पद्धतीने गुरे सजवली, शिंगे रंगवली, मोरपिसे लावली. वळूच्या कपाळावर मी स्वतः हात फिरवला. मला वाटले, हे शेवटचे.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दरवर्षीप्रमाणे आम्ही सगळे मेहुण्याकडे गेलो. ओवाळणी झाली. त्याने फराळाआधी आपल्या नव्या जावयासमोर माझ्यावरचे ते कथन सुरू केले. या वेळी मिठी कपाटाला होती. तो टाकीत पाय सोडण्यापर्यंत आला तेव्हा मी उठलो आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

मेहुण्याची बायको ओट्यापाशी बसून चिवडा डब्यांत भरत होती. पातळ पोह्यांचा ढीग, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता. आणि ढिगाखाली पितळ.

मी म्हणालो, “परात छान आहे.”

“हो ना!” ती बिचारी निर्मळ मनाने म्हणाली. “यांनी माळ्यावर ठेवली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. चिवड्याला इतकी मोठी कुठे मिळते!”

मी आवाज चढवला नाही. ओट्यावरचे उलथणे उचलले आणि परातीच्या काठावर एकच टोला मारला. चार पोहे उडाले. बाहेरच्या खोलीत कथन थांबले. सौ. दारात आली, तिच्यामागे मुलगा, त्याच्यामागे कपाट सोडून आलेला मेहुणा. त्याने परातीकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, “ही? ही आमच्या घरची आहे, जीजाजी. वडिलांच्या वेळची. ऐसी तो घर-घर में मिल जाएगी.”

मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी काठावरचा चिवडा हाताने बाजूला सारला.

त्यानंतर मुलाने बाल्कनीत जाऊन रिसॉर्टवाल्याला फोन केला, आणि परात माझ्या मांडीवर बसून घाट उतरली. त्या संध्याकाळी कळप ओळीने खाली आला, शेवटी वळू. तरीही मेहुणा आजतागायत सांगत फिरतो की फाटक उघडे होते, मी टाकीला मिठी मारली होती, त्याने परातीला हात लावला नव्हता आणि अशा पराती घरोघर असतात. त्याने सांगावे. अशा पराती घरोघर असतील. पण त्याच्या माळ्यावरून निघालेल्या त्या परातीच्या काठावर, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्याच्याच वडिलांनी, लग्नात कोरून दिलेले नाव माझे आहे.